पावणेदोन अंश

त्या दिवशी सकाळपासून मिस्त्रींचं बूड काही एका जागी टेकेना. स्टुलावर बसले की उठायचे, उठले की फाटकापर्यंत जायचे, फाटक लावलेलं आहे हे हात लावून बघायचे आणि परत येऊन स्टुलावर बसायचे. सुट्टीचा दिवस होता, गॅरेज बंद होतं, काम म्हणून काडीचं नव्हतं. तरी त्यांनी पान्यांचा कप्पा दोनदा लावला. पहिल्यांदा मापाच्या क्रमानं, आणि दुसऱ्यांदाही मापाच्याच क्रमानं. पाने बिचारे दुसरीकडे कुठे जाणार!

कोपऱ्यात शिलाई मशीनवर त्यांची बायको एका सीटचं कव्हर शिवत बसली होती. त्या गॅरेजात दोघांनी धंदा वाटून घेतला होता. गाडीच्या पुढच्या चाकांचं जे काही असेल ते मिस्त्रींचं, आणि गाडीत बसणाऱ्याच्या बुडाखालचं जे काही असेल ते बाईंचं. तीस वर्षं हा करार कुणी मोडला नव्हता.

"अहो, फाटक काय पळून जाणार आहे का?" दोरा दातानं तोडत त्या म्हणाल्या.

"वारा आहे."

"पान हलत नाहीये बाहेर."

मिस्त्री गप्प बसले. म्हणजे बसले नाहीतच, नुसते गप्प झाले आणि पाण्याच्या माठाकडे गेले. अर्धा पेला पाणी प्यायले आणि उरलेलं अर्धं कुठे ठेवावं हे न सुचल्यासारखे उभे राहिले. बाईंनी चष्म्यावरून एकदा बघितलं. त्यांना वाटलं, नेहमीचंच आहे. धाकटी शर्यतीला गेली की या माणसाच्या पायाला भिंगरी लागते.

पण हे नेहमीचं नव्हतं. नेहमी मिस्त्रींना नुसती काळजी असायची. आज पोटात पाप होतं.

धाकटी म्हणजे त्यांची मुलगी. थोरला दूरदेशी नोकरीला होता आणि त्याला गाडीत फक्त बसता यायचं. धाकटीचं सगळंच उलटं. आठवडाभर शाळेत पोरांना अपूर्णांक शिकवायची आणि वर्षातून चार वेळा चढणीच्या शर्यतीत गाडी चालवायची. एका डोंगराचा रस्ता बंद करतात, एकेक गाडी खालून सोडतात, आणि वर पोचायला कुणाला सगळ्यात कमी वेळ लागला ते बघतात. दोन फेऱ्या असतात. त्यातली चांगली ती धरतात.

या वर्षी तिनं गाडीच्या पुढच्या चाकांचं काम काढलं होतं. तिला कँबर हवा होता, तीन अंश. आता कँबर म्हणजे काय, तर गाडीकडे समोरून बघितलं तर चाक ताठ उभं आहे की वरून आत कललेलं आहे, त्याचं माप. आपल्या रोजच्या गाडीचं चाक जवळजवळ ताठ असतं. पण गाडी जोरात वळणात घातली की ती बाहेरच्या अंगाला झुकते आणि बिचारं चाक आपल्या बाहेरच्या कडेवर उभं राहतं. म्हणून शर्यतीच्या गाडीचं चाक आधीच थोडं आत कलवून ठेवतात. वळणात ते सपाट बसतं आणि रस्ता धरतं. एक अंश म्हणजे चाकाच्या वरच्या कडेला जेमतेम एक सेंटीमीटर. डोळ्याला ते कळत नाही. गेजला कळतं, टायरला कळतं आणि चालवणाऱ्याच्या हाताला कळतं.

हा कल मोजायचं गेज मिस्त्रींचं होतं. पितळी, बुडबुड्याचं, लाकडी पेटीत मऊ कापडावर ठेवलेलं. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. मिस्त्री माप घ्यायचे, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आकडा लिहायचे आणि तो पुठ्ठा बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवायचे. मग जगात कुणी ते माप पुन्हा घेत नसे. दुसऱ्या गॅरेजवालेसुद्धा बॉनेट उघडून पुठ्ठा बघायचे आणि म्हणायचे, मिस्त्रींचा आकडा आहे, राहू दे.

आणि माप घेताना गाडीत चालवणाऱ्याचं वजन असायलाच हवं, हा त्यांचा हट्ट. रिकाम्या गाडीचं माप म्हणजे झोपलेल्या माणसाच्या कमरेचं माप, असं ते म्हणत. त्यासाठी बाईंनी जाड कापडाची चार पोती शिवली होती, वाळू भरून. चारही मिळून बरोबर सत्तावन्न किलो, धाकटीचं वजन. दर हंगामाला धाकटी काट्यावर उभी राहायची आणि बाई पोत्यांची शिवण उसवून मूठ-दोन मूठ वाळू घालायच्या किंवा काढायच्या. ती पोती ड्रायव्हरच्या सीटवर बसवली की मिस्त्री म्हणायचे, "बसली पोरगी. आता घ्या माप."

परवा संध्याकाळीही पोती सीटवर बसली होती. मिस्त्रींनी चाक काढलं. शॉकअपच्या खालच्या टोकाला दोन बोल्ट असतात, तिथे चाकाचा सगळा गोळा धरलेला असतो. त्यातल्या वरच्या बोल्टचं भोक त्यांनी गोल कानशीनं आतल्या बाजूला लांबट केलं. बोल्टला सरकायला जागा झाली, की चाकाचं डोकं आत ढकलता येतं. दोन्हीकडे मिळून साडेतीन तास कानस चालली. भोक पुरतं तीन अंशांचं केलं. वाईट काम करायला त्यांचा हात तयारच नव्हता.

मग पाना लावायची वेळ आली, आणि त्यांना आरसा आठवला.

गेल्या वर्षी सातव्या वळणावर धाकटीची गाडी दगडी भिंतीला घासून गेली होती. फक्त बाजूचा आरसा गेला. धाकटी हसत घरी आली आणि तुटका आरसा टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी भेट." मिस्त्रीही हसले. मग तो आरसा त्यांनी कप्प्यात ठेवला आणि वर्षभर दर आठ-पंधरा दिवसांनी कप्पा उघडून बघत राहिले. एक वीत अलीकडे पोरीचं डोकं असतं, एवढाच हिशेब त्यांना पुनःपुन्हा दिसायचा.

तर त्या संध्याकाळी चाकाचं डोकं आत ढकलताना बुडबुडा पावणेदोनवर आला आणि मिस्त्रींचा हात थांबला. मनात आलं, राहू दे इथेच. गाडी थोडी जड जाईल, वळणाला कुरकुर करेल, आणि पोरगी आपोआप जपून चालवेल. पाना आवळला. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं. रिवाजाप्रमाणे नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे काम संपलं. आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, डावं तीन, उजवं तीन. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. सीटवरची पोती बघत होती असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी आधी पोती उतरवली आणि मग पुठ्ठा चिकटवला.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना फोन वाजला. मिस्त्रींनी तो पहिल्या घंटीच्या आत उचलला.

"बाबा, एक बावन्न," धाकटीचा आवाज. मागे गाड्यांचा गोंगाट होता.

"बरं आहे की."

"काय बरं आहे? गेल्या वर्षी काहीही न करता एक एकावन्नात गेले होते मी. पुढची चाकं ऐकतच नाहीत. मी आत घालते आणि गाडी आपली सरळ भिंतीकडे निघते."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "टायर बघितलास?"

"बघितला ना. बाहेरची कड पार खरवडून निघालीये."

झालं. टायर कधी खोटं बोलत नाही. चाक ताठ आहे, ताठ आहे, असं तो ओरडून सांगत होता. शिकाऊ पोरालाही कळलं असतं.

"मग?" मिस्त्रींनी विचारलं.

"मग काय! चाक तीनवर आहे, तुम्ही मोजलंय. म्हणजे चूक माझीच ना? मी घाबरून ब्रेक आधी मारते, मग स्टिअरिंग ओढत बसते, आणि कड घासते. साडेबाराला दुसरी फेरी आहे. या वेळी सातव्याला ब्रेक उशिरा मारणार. तीन अंशांची गाडी आहे, ती धरेल. धरायलाच पाहिजे."

"अगं ऐक... जरा जपून..."

"जपूनच तर एक बावन्न आलाय. बाबा, तुमच्या आकड्यावर माझा जेवढा भरवसा आहे ना, तेवढा स्वतःच्या हातांवर असता तर कुठल्या कुठे गेले असते मी. चला, ठेवते. फोन पेटीत टाकते आता."

सांगायला तीन शब्द पुरले असते. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण पहिला शब्द कुठला हे ठरेपर्यंत फोन बंद झाला. त्यांनी लगेच उलटा फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. पुन्हा लावला. तिकडे कुठल्यातरी पत्र्याच्या पेटीत पान्यांच्या शेजारी तो आपला एकटाच थरथरत असणार.

पोरीनं जपून चालवावं म्हणून खोटा आकडा लिहिला, आणि त्याच आकड्यावर विसंबून पोरगी आता उशिरा ब्रेक मारणार होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं माणसं म्हणतात तेव्हा त्यांना हे म्हणायचं असतं, हे मिस्त्रींना उभ्या आयुष्यात आज कळलं.

त्यांनी टॉर्क पाना उचलला, गेजची पेटी उचलली, जॅक उचलला, जॅक पायावर पडला, तो पुन्हा उचलला आणि लंगडत व्हॅनकडे धावले. किल्ली लावतात तर शेजारच्या सीटवर बाई येऊन बसलेल्या. गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

"तू कशाला?"

"चला आधी. तुमचं तोंड बघून घरी कोण बसेल?"

व्हॅन निघाली.  तिसऱ्या सिग्नलला थांबावं लागलं. मिस्त्रींची बोटं स्टिअरिंगवर नाचत होती. मग समोरच्या लाल दिव्याकडे बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं. पुठ्ठ्याचं, आरशाचं, आत्ताच्या फोनचं.

दिवा हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला.

"चला," बाई म्हणाल्या. चौक मागे पडला. मग म्हणाल्या, "घाबरवायचं होतं तर तोंडानं घाबरवायचं. रडायचं, ओरडायचं, किल्ली लपवायची. बाप आहात, सगळं चाललं असतं. आकड्यानं कशाला?"

"मला वाटलं..."

"मी तिच्या पोत्यांत मूठभर वाळू इकडची तिकडे होऊ देत नाही. तोलून भरते. तुम्ही म्हणता म्हणून भरते. आणि तुम्ही त्याच पोत्यांसमोर हे केलंत?"

 मिस्त्रींनी पुढचा ट्रक चुकीच्या बाजूनं ओलांडला, आणि एरवी ज्या बाईंनी त्यावर अर्धा तास बोलून घेतलं असतं, त्या म्हणाल्या, "अजून जरा जोरात."

डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याला आडवा बांबू होता आणि बांबूपाशी गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस. शर्यत चालू आहे, कुणालाही आत सोडता येणार नाही, गाडी मागे घ्या. त्याचं म्हणणं रास्त होतं. मिस्त्री खाली उतरले आणि हातवारे करत एकदम तीन गोष्टी सांगू लागले, त्यामुळे त्याला एकही कळली नाही.

बाई पुढे झाल्या. "हे बघा. आत माझी मुलगी गाडी चालवतेय. हा तिचा बाप. यानं तिच्या चाकांत गाढवपणा करून ठेवलाय आणि तो तिला माहीत नाही. आता सोडता, की नंतर माझ्याशी बोलता?"

शिट्टीवाल्यानं बाईंकडे बघितलं, मिस्त्रींच्या काळ्या हातांकडे बघितलं आणि बांबू उचलला.

रांग लागलेली होती. सुरुवातीच्या रेघेपासून मागे एकेक गाडी, इंजिनं घुरघुरत. धाकटीची गाडी पुढून तिसरी होती. हेल्मेट घातलेलं, पट्टे आवळलेले, नजर समोर. मिस्त्री पेटी छातीशी धरून धावले. पुढची एक गाडी सुटली. दुसरी रेघेवर आली. धाकटीनं गाडी पुढे घ्यायला गियर टाकला आणि बघते तर बंपरसमोर बाप उभा.

तिनं हेल्मेटची काच वर केली. "बाबा? काय झालं? आई कुठंय?"

"आई ठीक आहे. तीन नाहीये." मिस्त्रींचा श्वास लागला होता. "पावणेदोन आहे. मी खोटं लिहिलं."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावर कळल्याचं दिसलं आणि मिस्त्रींना वाटलं की तिनं त्याऐवजी गाडी अंगावर घातली असती तर बरं. तिनं इंजिन बंद केलं. हातमोजे काढले, एकेक बोट सोडवत, सावकाश. मागचे हॉर्न वाजवत होते.

"दोन्हीकडे?" तिनं विचारलं.

"दोन्हीकडे."

"टो किती आहे?" म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं सरळ आहेत की तिरकी.

"शून्य. तो बरोबर आहे."

"कशावरून?"

मिस्त्रींना चौतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. 

पांढऱ्या कोटातला तपासनीस येऊन उभा राहिला. त्यानं नियम सांगितला. रांग सोडता येईल, दुरुस्तीही करता येईल, पण मग नंबर शेवटी. मागे सतरा गाड्या आहेत, दोन मिनिटांना एक सुटते. शेवटची गाडी सुटेपर्यंत रेघेवर आलात तर फेरी मिळेल, नाही तर पहिल्याच फेरीचा वेळ धरला जाईल. धाकटीनं क्षणभर हिशेब केला. चौतीस मिनिटं. तिनं हेल्मेट काढून आईच्या हातात दिलं आणि गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत घेतली.

"पोती आणलीत?"

"राहिली," मिस्त्री म्हणाले.

"मग तुम्ही बसायचं सीटवर. चौदा किलो जास्त आहात, ते मी हिशेबात धरते. गेज द्या."

त्यांनी पेटी पुढे केली. ती दोन्ही हातांनी दिली आणि सोडायला जरा उशीर केला. धाकटीनं ती ओढून घेतली.

तिनं चाकांना हातही लावला नाही. आधी गाडीखालची जमीन मोजली. एक सरळ फळी आडवी टाकली, तिच्यावर गेज ठेवलं. जमीन अर्धा अंश उजवीकडे कललेली होती. म्हणजे एका चाकाला अर्धा मिळवायचा, दुसऱ्याला वजा करायचा. हे तिला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. तिनं कधीतरी नुसतं बघितलं असणार. मिस्त्रींना त्या अवस्थेतही अभिमान वाटला, आणि आपल्याला तो वाटायचा हक्क नाही हेही लगेच वाटलं.

"बसा," ती म्हणाली. मिस्त्री ड्रायव्हरच्या सीटवर बसले. तिनं दोन्ही चाकं मोजली. "पावणेदोन. पावणेदोन." एवढंच. "उतरा. चाक काढा."

मिस्त्री उतरले. जॅक लावला, चाक काढलं. या कामात त्यांना कुणी गाठलं नसतं. नट ढिले केले. पांढरी रेघ मधोमध तुटली, अर्धी नटावर राहिली, अर्धी बोल्टवर. त्यांनी चाकाचा गोळा आत ढकलायला सुरुवात केली.

"तीनला थांबवतो," ते म्हणाले.

"तीन नको. अडीच."

त्यांनी वर बघितलं.

"सहाव्याच्या आधी रस्ता उखडलाय," धाकटी म्हणाली. "तिथे ब्रेक मारताना तीनवर गाडी इकडेतिकडे ओढेल. सकाळी बघितलं मी."

"मी तेच..." मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं. "मला तीन जास्तच वाटत होते. खराब रस्त्याला..."

"मग बोलला का नाहीत?" इतका वेळ आवरून धरलेला तिचा आवाज आता फाटला. "परवा गाडी सोडायला मी आले होते ना? सांगायचं, रस्ता खराब आहे, तीन नको. मी ऐकलं असतं, बाबा. आजवर ऐकलंच आहे. तुम्ही मला सांगायच्या ऐवजी माझ्या चाकाला सांगितलंत."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते. अडीचच्या अंदाजानं गोळा धरला आणि पाना आवळला. पुरेसं आवळल्याचा टॉर्क पान्याचा कट्ट आवाज आला. बाईंनी पांढऱ्या रंगाची बाटली पुढे केली, तशी धाकटी म्हणाली, "रेघ नंतर. आधी मोजू दे."

मग जे चाललं ते बघायला शेजारच्या दोन गाड्यांची माणसंही थांबली. "बसा" म्हटलं की मिस्त्री सीटवर. गाडी दोन वेळा पुढेमागे ढकलायची, म्हणजे चाकं जागेवर बसतात. ती मोजायची. "अजून थोडं. उतरा." जॅक, चाक, पाना. "बसा." सकाळपासून ऊठबस चालूच होती, फक्त आता ती दुसऱ्याच्या हुकमानं होती. दोन्ही चाकं झाली. कँबर हलला की टो हलतोच, म्हणून तिनं गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणली. आईच्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि चाकाच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत अंतर मोजलं. मिस्त्रींनी खाली आडवं होऊन स्टिअरिंगचा रॉड फिरवला. पाऊण फेरा. पुन्हा पाव.

रांगेत चार गाड्या उरल्या होत्या.

"शेवटचं माप," धाकटी म्हणाली. "बसा."

मिस्त्री बसले. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं. ती चाकापाशी वाकलेली होती, तिचा नुसता खांदा दिसत होता. मिस्त्रींचा गुडघा थरथरत होता. त्यांनी तो हातानं दाबून धरला, तर दुसरा थरथरायला लागला.

"हलू नका ना, बाबा. बुडबुडा हलतोय."

ते हलायचे थांबले. कसे थांबले ते त्यांनाही कळलं नाही. हात मांडीवर, पाठ सीटला, श्वास अर्धा धरलेला. सकाळपासून, की वर्षभरापासून, पहिल्यांदा ते एका जागी बसले होते, आणि ती जागा पोत्यांची होती. ती उजवीकडून डावीकडे गेली. बराच वेळ लागला. मग बॉनेटच्या आत पुठ्ठ्यावर पेन खरखरल्याचा आवाज आला.

"किती आला?" मिस्त्रींनी विचारलं.

 ती ब्रश घेऊन खाली वाकली, दोन्हीकडच्या नटांवर नवी रेघ मारली, आणि बॉनेट खाली घेतलं.

"उतरा आता."

रांगेत एक गाडी उरली होती. धाकटी बसली, आईनं हेल्मेट दिलं, पट्टे आवळले. मिस्त्री खिडकीपाशी उभे होते. सांगण्यासारखं खूप होतं आणि सांगायची वेळ परवा होती. तिनं हेल्मेटची काच खाली ओढली आणि गेली.

वर गेलेली गाडी खालून दिसत नाही, फक्त ऐकू येते. मिस्त्री आवाजावरून वळणं मोजत होते. चौथं. पाचवं. सहाव्याच्या आधी ब्रेक, इंजिन दबलं, सरळ. मग सातवं. इंजिन उशिरापर्यंत ओरडत राहिलं, फार उशिरापर्यंत, आणि बाईंनी नवऱ्याचं मनगट इतकं घट्ट पकडलं की नखं रुतली. आवाज दबला. अर्धा क्षण काहीच नाही. मग पुन्हा चढला, स्वच्छ, आणि पुढे निघून गेला.

कर्ण्यावर वेळ जाहीर झाला. एक सत्तेचाळीस. नंबर बिंबर काही आला नाही, पाचवी आली. बाईंनी मनगट सोडलं आणि मिस्त्रींच्या पाठीत एक धपाटा घातला. तो कौतुकाचा होता की सकाळचा राहिलेला, ते त्यांनी विचारलं नाही.

धाकटी खाली आली ती उतरून सरळ चाकापाशी गेली. टायरवर तळवा ठेवला. आत, मध्ये, बाहेर. मग वडिलांकडे बघितलं. "या. हात लावा."

मिस्त्रींनी हात लावला. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. तिन्हीकडे सारखंच गरम होतं.

"अडीच?" त्यांनी हळूच विचारलं.

"डावं अडीच, उजवं अडीच." ती उठली, गुडघे झटकले. "पुढच्या वेळी चाकं तुम्हीच लावायची. दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही मी."

मिस्त्रींनी मान वर केली.

"मोजणार मात्र मी," ती म्हणाली. गेज कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं, पेटी आपल्या पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन ओढली.

मिस्त्रींना ते लागलं. चांगलंच लागलं. आणि त्याच वेळी छातीवरून काहीतरी उतरल्यासारखंही झालं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेवर धाकटीची गाडी पुढे होती आणि व्हॅन मागे. मिस्त्री तिच्या मागे अंतर ठेवून, कुणालाही न ओलांडता चालवत होते. एका हातानं स्टिअरिंग धरलेलं, आणि दुसरा हात सारखा दोन सीटांच्या मधल्या जागेत जात होता. चाचपून परत यायचा. थोड्या वेळानं पुन्हा जायचा.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"पेटी."

"ती तिच्याकडे आहे."

"हो," मिस्त्री म्हणाले. "माहितीये." आणि हात परत स्टिअरिंगवर ठेवला.